आगकाड्यांना नाचवणारा माणूस

ओगी आठवतो ना? निळं मांजर, तीन उपद्रवी झुरळं आणि शाळेतून आल्या आल्या लावलेला टीव्ही! गंमत म्हणजे मूळ फ्रेंच कार्टूनमध्ये ही मंडळी बोलतच नाहीत. हिंदीत आणताना त्यांच्या तोंडी डायलॉग घातले आणि ओगी आपल्या घरचाच झाला. पण निर्जीव चित्राला, वस्तूला पडद्यावर जिवंत करायचा हा खटाटोप आपल्याकडे एका मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वीच करून पाहिला होता. नाव तुम्हाला पाठ आहे, दादासाहेब फाळके. जीकेच्या पुस्तकात ते 'राजा हरिश्चंद्र'पाशी येऊन थांबतात. आपण जरा पुढे जाऊ.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि मग बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ टाकला, तर प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल दोन्ही गेले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, छापखाना काढला, भागीदारांशी बिनसलं. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करायचे, तेही स्वतःचं आडनाव उलटं करून, 'प्रोफेसर केळफा' म्हणून! आजच्या भाषेत सांगायचं तर चाळिशीपर्यंत ह्या माणसाचं 'सेटल' असं काही झालंच नव्हतं.

मग गिरगावात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा पाहिला आणि डोक्यात एकच किडा शिरला: आपणही असं करायचं. रोज तासन् तास सिनेमे पाहून, जागरणं करून काही काळ दृष्टी गेली. उपचारांनी ती परत आली. लगेच विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये स्वारी लंडनला गेली आणि कॅमेरा घेऊन परतली.

आता पैसे कोण देणार? फाळक्यांनी भाषण ठोकलं नाही. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं, असं जवळपास महिनाभर चित्रण केलं. हरभरा रातोरात वर येत नाही, हे आपल्या बीडच्या पोरांना काय सांगायचं! पण फाळक्यांच्या त्या फिल्ममध्ये महिन्याभराची वाढ डोळ्यांदेखत घडली. 'अंकुराची वाढ' पाहून सावकाराची खात्री पटली आणि भांडवल उभं राहिलं. ३ मे १९१३ ला कोरोनेशन थिएटरमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यामागे सरस्वतीबाईंचेही कष्ट होते. सगळ्या युनिटचा स्वयंपाक उरकून रात्री ह्या बाई कच्च्या फिल्मला भोकं पाडत बसायच्या.

पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं आणि पैसा आटला. मोठा सिनेमा करणं अवघड झालं. अशा वेळी तुम्ही-आम्ही काय केलं असतं? फाळक्यांनी आगपेटी उघडली. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची, पुन्हा चित्र. ही चित्रं भराभर दाखवली की काड्या आपोआप हलतायत असं वाटतं. १९१५ च्या ह्या फिल्मचं नाव 'आगकाड्यांची मौज'. नाण्यांना हलवून केलेली 'लक्ष्मीचा गालिचा' ही त्यांचीच. हेच तंत्र म्हणजे आजचं स्टॉप मोशन.

१९१७ च्या 'लंका दहन'मध्ये त्यांनी ट्रिक फोटोग्राफी वापरून हनुमान उडवला. पण सिनेमा मुका होता. आपल्याकडचा सिनेमा १९३१ मध्ये 'आलम आरा'ने बोलू लागला आणि मुक्या सिनेमाचा हा जादूगार मागे पडत गेला. १९३४ मध्ये पुण्यातल्या 'प्रभात'ने 'जंबूकाका' नावाच्या कोल्होबाचं कार्टून काढलं. फाळक्यांनी मात्र १९३७ च्या 'गंगावतरण' ह्या एकमेव बोलपटानंतर सिनेमा केला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते नाशिकमध्ये गेले, तेव्हा त्यांची फारशी कुणाला आठवण नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला १९६९ मध्ये. आणि 'आगकाड्यांची मौज' आज आपल्याला पाहायलाही मिळत नाही.

अॅनिमेशन शिकायला पुण्याला जातो म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, पोटापाण्याचं काय? प्रश्न खोटा नाही. फाळक्यांनाही त्याचं उत्तर आयुष्यभर नीट सापडलं नाही. पण मोठं काही जमत नाही म्हणून ते रिकामेही बसले नाहीत. जे हाताशी होतं, त्यातूनच त्यांनी खेळ मांडला.

तुमच्या हातात तर कॅमेरा आहेच. सेकंदाला बारा फोटो धरले तरी दहा सेकंदांच्या फिल्मला एकशेवीस फोटो लागतात. म्हणजे रविवारची एक दुपार. दहा रुपयांत आगपेट्याही भरपूर येतात. बघा, तुमची काडी चालते का!