धाकट्या पातीची थोरवी

हिवाळ्यात जळगावच्या बाजारात बोरांची आवक सुरू झाली, की जाणते गिऱ्हाईक भावाआधी गावाची चौकशी करते. बोरे मेहरूणची आहेत, एवढे सांगितले की पुढची घासाघीस निम्मी होते. मेहरूण आज जळगाव शहरातच सामावले आहे. तलावाकाठच्या बोरांच्या बागांच्या जागी वस्ती वाढत गेली. नाव मात्र टिकले. इतके, की फळबागांच्या पुस्तकांत ‘मेहरूण’ ही बोरांची एक जात म्हणून नोंदली गेली आणि त्या जातीची झाडे मेहरूणपासून दूरदूरच्या शिवारांतही लागली. अशा वेळी एक प्रश्न उभा राहतो. नावाला किंमत येते ती मातीमुळे, झाडामुळे, की फळ निवडून बाजूला काढणाऱ्या हातामुळे?

हा प्रश्न फ्रान्सच्या नैऋत्येकडील बोर्दो प्रांतात एका माणसाच्या आयुष्याला आयुष्यभर चिकटून राहिला. त्यांचे नाव बॅरन फिलिप द रॉथशिल्ड. नामांकित इस्टेटींच्या ‘दुसऱ्या वाईन’ला आज जगभरच्या रसिकांत जो मान आहे, त्याची कथा सांगायची तर त्यांचे चरित्र टाळून पुढे जाता येत नाही. त्या मानाला धोका कुठे असतो, हेही त्यांच्याच चरित्रातून कळते.

फिलिप यांचा जन्म १३ एप्रिल १९०२ रोजी पॅरिसमध्ये झाला. युरोपभर पेढ्या असलेल्या रॉथशिल्ड या ज्यू सावकारी घराण्याचे ते वंशज. त्यांचे पणजोबा नॅथनिएल यांनी १८५३ साली बोर्दोजवळच्या पोइयाक गावातील एक द्राक्षमळा लिलावात विकत घेतला आणि त्याला ‘शातो मूटाँ रॉथशिल्ड’ हे नाव दिले. ‘शातो’ म्हणजे खरे तर गढी किंवा वाडा; पण बोर्दोत तो शब्द द्राक्षमळा, वाईन तयार करण्याची जागा आणि तळघरे मिळून होणाऱ्या साऱ्या इस्टेटीला वापरतात.

पुढच्या दोनच वर्षांत, १८५५ मध्ये, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी तेथील रेड वाईनची प्रतवारी केली. आधार होता मुख्यतः बाजारातील भावाचा. पाच श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत चारच नावे आली : लाफीत, मार्गो, आपल्या लातूरशी उच्चारात जुळणारे लातूर आणि ओ-ब्रियाँ. मूटाँचे नाव दुसऱ्या श्रेणीच्या शिरोभागी लागले. भावाच्या दृष्टीने पहिल्या श्रेणीच्या बरोबरीने चालणाऱ्या मळ्याला हा निवाडा झोंबला. पहिले स्थान लाभत नसले तरी दुसरे म्हणवून घेणे कमीपणाचे मानणारे एक ब्रीद इस्टेटीने मिरवले. त्यात भर पडली ती भाऊबंदकीची. १८६८ मध्ये याच घराण्यातील जेम्स द रॉथशिल्ड यांनी शेजारचा लाफीत मळा घेतला. एका पातीकडे पहिली श्रेणी, दुसरीकडे दुसरी. बांध मात्र एकच.

फिलिप यांचे वडील आँरी हे पेशाने डॉक्टर आणि हौसेने नाटककार. त्यांना मळ्यात रस नव्हता. घराण्यातील बऱ्याच जणांच्या लेखी मूटाँ म्हणजे पॅरिसपासून दूर पडलेली एक मिळकत होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅरिसवर तोफगोळे पडू लागले, तेव्हा शाळकरी फिलिपना सुरक्षिततेसाठी पोइयाकला पाठविण्यात आले. तेथे मातीचा, बैलांचा आणि तळघरांतील वासाचा जो लळा लागला, तो कायमचा. १९२२ मध्ये, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी मूटाँचा कारभार हाती घेतला.

त्या काळी बोर्दोतील मळेवाले वाईन पिंपांत भरून शहरातील व्यापाऱ्यांच्या हवाली करीत. ती मुरविणे, बाटलीबंद करणे आणि विकणे हे सारे व्यापाऱ्याच्या वखारीत होई. वाटेत तिच्यात काय मिसळले जाई, यावर मालकाचा ताबा नसे. मळ्याचे नाव बाटलीवर असे. पण त्या नावाची जबाबदारी घ्यायला कोणी नसे. फिलिप यांनी १९२४ च्या हंगामापासून आपली सारी वाईन मळ्यावरच बाटलीबंद करण्याचा निर्णय घेतला आणि शेजारच्या बड्या मालकांनाही त्या वाटेवर आणण्यासाठी प्रयत्न केले. दोन-तीन वर्षांची वाईन आपल्याच छताखाली सांभाळायची, तर जागा हवी. म्हणून १९२६ मध्ये वास्तुरचनाकार शार्ल सिक्लीस यांच्याकडून त्यांनी शंभर मीटर लांबीचे भव्य कोठार बांधून घेतले.

हा तरुण मालक केवळ मळ्यात रमणारा नव्हता. १९२९ मध्ये त्यांनी टोपणनावाने मोटारशर्यतींत भाग घेतला आणि मोनॅकोच्या पहिल्या ग्राँप्री शर्यतीत चौथा क्रमांक मिळविला. पॅरिसमध्ये वडिलांनी उभारलेल्या पिगाल नाट्यगृहाचा कारभार पाहिला, चित्रपटनिर्मिती केली, कविता लिहिल्या आणि पुढे इंग्रजी नाटके व काव्य फ्रेंचमध्ये आणले. जाहिरात, रंगमंच आणि नाव यांची ताकद त्यांना ठाऊक होती. वाईनच्या धंद्यात त्यांनी जे केले, त्यात हा अनुभव जागोजागी दिसतो.

१९३० साली निसर्गाने पाठ फिरविली. त्या वर्षीचे पीक मूटाँच्या नावाला शोभेल असे नव्हते. पुढची दोन वर्षेही वाईटच गेली. जागतिक मंदीने गिऱ्हाईक आटलेले होते. अशा वेळी मालकापुढे दोनच सोपे मार्ग होते. हलकी वाईन थोरल्या नावाने खपवायची, नाहीतर निनावी पिंपांतून मातीमोल विकायची. फिलिप यांनी तिसरा मार्ग काढला. ती वाईन वेगळ्या नावाने, कमी भावात, पण उघडपणे विकायला आणली. नाव ठेवले ‘मूटाँ कादे’. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेमुळे परिचित झालेला ‘कॅडेट’ हा शब्द तोच. फ्रेंचमध्ये त्याचा मूळ अर्थ घरातला धाकटा मुलगा. फिलिप हे स्वतः भावंडांत सर्वांत धाकटे होते.

ही कल्पना अगदीच नवी नव्हती. शातो मार्गोने १९०८ पासून आपल्या दुसऱ्या वाईनला ‘पाव्हियाँ रूज’ हे नाव दिले होते. दुसरी वाईन म्हणजे काय, हे येथे नीट समजून घ्यायला हवे. बोर्दोची रेड वाईन एकाच द्राक्षाची क्वचितच असते. काबेर्ने सोव्हिन्याँ, मेर्लो आणि आणखी एकदोन जातींचे ते मिश्रण असते. मळ्याच्या प्रत्येक तुकड्याची वाईन वेगवेगळी आंबविली जाते. सुगीनंतर काही महिन्यांनी मालक आणि तळघरप्रमुख प्रत्येक पिंपाची चव घेऊन कोणते थोरल्या वाईनमध्ये घालायचे, ते ठरवितात. कोवळ्या वेलींची, पाणथळ कोपऱ्यातील किंवा त्या वर्षी नीट न पिकलेल्या तुकड्याची वाईन बाजूला पडते. तीच दुसरी वाईन. माती तीच, हात तेच, तळघर तेच, फरक निवडीचा.

तिचे आकर्षणही यातच आहे. थोरल्या वाईनच्या तुलनेत तिला बरीच कमी किंमत पडते. शिवाय पोइयाकची थोरली वाईन तरुणपणी तुरट आणि अबोल असते. तिला पंधरा-वीस वर्षे तळघरात थांबावे लागते. दुसरीत बहुधा मेर्लोचे प्रमाण अधिक, म्हणून ती मऊ आणि लवकर पिण्याजोगी. ज्याच्यापाशी ना तेवढा पैसा, ना तेवढा धीर, त्याला थोरल्या घराचा उंबरठा ओलांडून देणारी ही धाकटी पाती. आणि एक गोष्ट फारशी बोलली जात नाही : दुसरी वाईन असल्यामुळेच थोरली चांगली होते. बाजूला काढलेल्या मालालाही मानाची जागा आहे, हे ठाऊक असले की मालकाचा हात निवड करताना कचरत नाही.

मूटाँ कादे मात्र यशाच्याच वाटेने मूळ कल्पनेपासून दूर गेली. नाव लोकांना भावले, मागणी वाढली. मळ्यात बाजूला पडणारी वाईन ती किती पुरणार? मग बोर्दो प्रांतातील इतर शेतकऱ्यांकडून माल घेतला जाऊ लागला. बोर्दोतील सर्वाधिक खपणाऱ्या वाईनमध्ये तिची गणना झाली आणि या व्यापाराच्या बळावर मूटाँचा आर्थिक पाया भक्कम झाला. पण ती आता मूटाँच्या मातीतली राहिली नव्हती. धाकट्याने घर सोडून स्वतंत्र बिऱ्हाड थाटले होते. आडनाव तेवढे जुने होते.

दुसऱ्या महायुद्धाने या घरावर मोठा आघात केला. फ्रान्स पडल्यावर जर्मनांच्या कलाने चालणाऱ्या व्हिशी सरकारने फिलिप यांचे नागरिकत्व काढून घेतले, मळा जप्त केला आणि उत्तर आफ्रिकेत त्यांना कैदेत टाकले. सुटकेनंतर ते इंग्लंडला पोहोचले आणि जनरल द गोल यांच्या स्वतंत्र फ्रेंच फौजेत दाखल झाले. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ जन्माने कॅथलिक होत्या. तरीही गेस्टापोने त्यांना पकडून राव्हेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठविले. १९४५ मध्ये, युद्ध संपायला काही आठवडे उरले असताना, तेथेच त्यांचा अंत झाला. कन्या फिलिपीन तेवढी वाचली.

त्या वर्षीचे पीक मात्र शतकातील उत्तम पिकांपैकी एक ठरले. फिलिप यांनी त्या बाटलीच्या चिठ्ठीवर विजयाचे चिन्ह असलेले चित्र तरुण चित्रकार फिलिप ज्युलियाँ यांच्याकडून काढून घेतले. तेव्हापासून दर वर्षीच्या मूटाँच्या चिठ्ठीसाठी नव्या चित्रकाराचे चित्र घेण्याची प्रथा पडली. ब्राक, दाली, मिरो, शगाल यांची चित्रे या बाटल्यांवर आली. मोबदला पैशांत नव्हे, तर वाईनच्या पेट्यांत दिला जाई. मुंबईत जन्मलेले अनिश कपूर यांचे चित्र २००९ च्या मूटाँवर झळकले. १९५४ मध्ये फिलिप यांनी अमेरिकी वस्त्ररचनाकार पॉलिन पॉटर यांच्याशी दुसरा विवाह केला. १९६२ मध्ये या दांपत्याने मूटाँमध्ये वाईन आणि कला यांचे संग्रहालय उघडले.

एवढे सारे मिळाले, तरी १८५५ चा सल गेला नव्हता. दुसऱ्या श्रेणीचा शिक्का पुसण्यासाठी फिलिप अनेक वर्षे सरकार, व्यापारी आणि प्रतिस्पर्धी यांच्याशी झगडत राहिले. अखेर जून १९७३ मध्ये कृषिमंत्री जाक शिराक यांच्या सहीने मूटाँला पहिल्या श्रेणीत बढती मिळाली. त्या प्रतवारीत एखाद्या मळ्याची श्रेणी बदलल्याचे हे एकमेव उदाहरण. त्या वर्षीच्या चिठ्ठीवर नुकतेच निधन पावलेल्या पिकासो यांचे चित्र आले आणि जुने ब्रीदही बदलले. आता पहिले, पूर्वी दुसरे, पण मूटाँ तेच, असा त्याचा आशय झाला. पुढे कॅलिफोर्नियातील रॉबर्ट मोंडावी यांच्या भागीदारीत त्यांनी ‘ओपस वन’ ही वाईन काढली. तिचा पहिला हंगाम १९७९ चा. २० जानेवारी १९८८ रोजी पॅरिसमध्ये फिलिप यांचे निधन झाले.

विरोधाभास असा, की दुसरे म्हणवून घेण्याचा ज्यांना आयुष्यभर तिटकारा होता, त्यांच्याच मळ्याला खऱ्या अर्थाची दुसरी वाईन त्यांच्या पश्चात मिळाली. कन्या फिलिपीन यांनी १९९३ च्या हंगामापासून ती सुरू केली आणि लवकरच तिला ‘ल प्ती मूटाँ’ हे नाव दिले. प्ती म्हणजे लहान. ती मूटाँच्याच मळ्यातील द्राक्षांची. लातूर मळ्याची ‘ले फोर द लातूर’ १९६६ च्या हंगामापासून निघत होती. लाफीतची ‘कारुआद’ प्रसिद्धच होती. आज अनेक बड्या मळ्यांत पिकाचा निम्म्याहून कमी भाग थोरल्या बाटलीत जातो, यावरून निवड किती कडक झाली ते कळते.

धोका मात्र तोच आहे. २००८ ते २०११ च्या सुमारास चिनी ग्राहकांच्या लाफीतप्रेमापोटी कारुआदचे भाव बेसुमार चढले आणि नंतर उतरले. तेव्हा लोक वाईन घेत नव्हते, आडनाव विकत घेत होते. दुसरी वाईन घेणाऱ्याने म्हणूनच दोन गोष्टी पाहाव्यात : ती त्याच मळ्यातली आहे का, आणि थोरलीच्या भावाशी तिचा भाव प्रमाणात आहे का. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर चांगल्या वर्षाची धाकटी बाटली सामान्य रसिकाला पुरेपूर समाधान देते.

महाराष्ट्राने २००१ मध्ये वाईन उद्योगाचे धोरण आखले आणि नाशिकच्या द्राक्षांना नवी वाट मिळाली. तेथील मळ्यांची नावे मोठी होऊ लागली, की दुसऱ्या प्रतीच्या मालाचे काय करायचे हा प्रश्न त्यांच्याही दारी येणार आहे. खानदेशातल्या बोरवाल्याला तो केव्हाच येऊन भेटला आहे. टोपलीतले लहान, डागाळलेले फळ मोठ्या फळांखाली दडपून विकले, तर एका हंगामापुरता नफा होतो. ते वेगळ्या ढिगात, वेगळ्या भावाने, पण ज्या झाडाचे त्याच झाडाच्या नावाने विकले, तर गिऱ्हाईक दोन्ही ढीग ओळखू लागते आणि पुढच्या हंगामात परत येते. फिलिप यांनी १९३० च्या वाईट वर्षी निवडला तो हा दुसरा मार्ग. पुढे तो त्यांच्याच हातून सुटला आणि लेकीने पुन्हा धरला.