गिटारवादक जँगो राइनहार्ट

गेल्या नाताळच्या समारंभास जे हजर होते त्यांना स्मरत असेल, की इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने गिटारवर वाजविलेले उपासनागीत तिसऱ्या रांगेपलीकडे कोणास ऐकू गेले नाही. भिवंडीत राहणाऱ्यास याचे नवल वाटू नये. आपल्या सभागृहाच्या खिडक्या उघडल्या की यंत्रमागांची खटखट आत येते; मिटून घेतल्या तर पंखे सुरू करावे लागतात, आणि त्यांचा आवाजही काही लहान नाही. वाद्यापुढे मायक्रोफोन ठेवून पाहिला, तर तो शीळ घालू लागला. तेव्हा दोघातिघा उत्साही मुलांनी वर्गणी काढून बाजारातून एक पिकअप विकत आणला व मोठ्या हौसेने तो गिटारच्या भोकात बसविला. तारा छेडल्या, ध्वनिवर्धक पूर्ण उघडला, परंतु आवाज म्हणून निघेना! दोष दुकानदाराचा नव्हता. पिकअप होता लोहचुंबकी, आणि शाळेच्या गिटारला तारा होत्या नायलॉनच्या.

ज्यांनी फॅरेडेचा पाठ लक्षपूर्वक वाचला आहे त्यांच्या ध्यानात हे चटकन यावे. या जातीच्या पिकअपमध्ये एक लोहचुंबक असून त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली म्हणजे चुंबकीय क्षेत्र हलते व वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो. हा नियम त्या भाविक शास्त्रज्ञाने १८३१ सालीच दाखवून दिला. नायलॉनचे आणि चुंबकाचे काही नाते नाही. अशा गिटारला दुसरा प्रकार लागतो. काही स्फटिक दाबले असता वीज देतात, असे क्यूरी बंधूंनी १८८० साली शोधून काढले. तशा द्रव्याची पातळ पट्टी घोडीवरील हाडाच्या पट्टीखाली ठेवावयाची, पट्टीच्या जाडीइतके हाड खालून घासून कमी करावयाचे, आणि तळ अगदी सपाट राखावयाचा, नाहीतर एक तार मोठी व दुसरी मुकी होते. गिटारच्या शेपटाकडील ठोकळ्यास भोक पाडून तेथून दोर बाहेर काढतात, आणि आत नऊ व्होल्टची बॅटरी बसवितात. हे भोक एकदा पाडले म्हणजे पाडले. म्हणून मी मुलांस थोडे थांबावयास सांगितले. मोठे वादक अशा वेळी काय करीत, असे त्यांनी विचारले, तेव्हा मला ज्याचे नाव आठवले त्याचे चरित्र येथे देत आहे.

जँगो राइनहार्ट याचा जन्म २३ जानेवारी १९१० रोजी बेल्जममधील लिबर्शी या खेड्यानजीक उभ्या असलेल्या एका फिरत्या गाडीत झाला. कागदोपत्री नाव जाँ. जँगो हे घरचे नाव. त्याचे लोक जिप्सी, त्यांतही मानूश या शाखेचे. हे नाव वाचून मराठी वाचक क्षणभर थबकल्यावाचून राहणार नाही, कारण या शब्दाचा अर्थ माणूस असाच आहे. सुमारे सहस्र वर्षांपूर्वी हे लोक हिंदुस्थानातून पश्चिमेस गेले, हे त्यांच्या भाषेवरून पंडितांनी सिद्ध केले आहे. पाण्यास ते पाणी म्हणतात, नाकास नाक आणि कानास कान. युरोपने मात्र त्यांस सर्वकाळ परके मानले. पॅरिस शहराच्या जुन्या तटाबाहेरील पडीक जागेत त्यांचे तळ पडत, व तेथेच जँगोचे बालपण गेले. शाळा त्याने जवळजवळ पाहिलीच नाही. लिहिणे-वाचणे त्याला पुढे प्रौढपणीही कष्टाने थोडेबहुत साधले. शिक्षकाच्या लेखणीला हे लिहिताना जड जाते, पण जे आहे ते आहे.

बाराव्या वर्षाच्या सुमारास कोणी एकाने त्यास बँजोच्या घडणीचे एक गिटार दिले. इतरांची बोटे पाहून तो आपला आपणच शिकला, आणि थोड्याच काळात पॅरिसच्या नृत्यगृहांत अकॉर्डियनवाल्यांची साथ करून पैसे मिळवू लागला. १९२८ साली त्याच्या वादनाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. इंग्लंडातील प्रसिद्ध वाद्यवृंदाचा नायक जॅक हिल्टन याने त्यास आपल्याकडे येण्याविषयी विचारले. अठरा वर्षांच्या मुलाचे दैव उघडले असेच कोणालाही वाटले असते.

त्याच वर्षीच्या शरदात एका रात्री तो वाजवून उशिरा घरी, म्हणजे आपल्या गाडीत, परतला. पत्नी बेला ही सेल्युलॉइडची फुले करून विकीत असे. गाडी त्या फुलांनी भरलेली होती. मेणबत्तीची ज्योत त्यांना लागली. सेल्युलॉइड किती झपाट्याने पेटते हे ज्यांनी पाहिले असेल त्यांस पुढचे सांगणे नको. दोघे जिवानिशी बाहेर पडली, पण जँगोचा उजवा पाय व डावा हात भयंकर भाजला. डॉक्टरांनी पाय कापण्याची गोष्ट काढली. त्याने व त्याच्या माणसांनी ती मानली नाही. पाय राहिला. हाताची स्थिती अधिक वाईट होती. अनामिका व करंगळी यांचे स्नायुबंध आखडून ती दोन बोटे कायमची वाकडी झाली. गिटारवादक डाव्या हाताच्या चार बोटांनी तारा दाबतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचे काय गेले हे कळेल.

दीड वर्षाच्या आसपास तो अंथरुणास खिळून होता. धाकटा भाऊ जोझेफ याने त्यास एक गिटार आणून दिले. तर्जनी व मध्यमा या दोनच बोटांनी संपूर्ण पट्टीवर धावण्याची नवी रीत त्याने तेथे, बिछान्यावर बसून, स्वतः शोधली. आखडलेली बोटे स्वर घ्यावयास निरुपयोगी होती, तरी अनेक स्वर एकदम वाजवावयाचे असता खालच्या दोन बारीक तारांवर ती टेकविण्याची युक्ती त्याने साधली. पूर्वी जे येत होते ते परत मिळवावे असा त्याचा प्रयत्न नव्हताच, असे मला वाटते. चार बोटांची रीत सोडून देऊन उरलेल्या दोहोंना काय येते याचा त्याने शोध घेतला. त्याच्या वादनातील त्या विजेसारख्या आडव्या धावा याच गरजेतून आल्या. आज चारही बोटे धड असलेले वादक त्या शिकण्यासाठी वर्षे घालवितात.

पुढील काही वर्षे भटकण्यात गेली. दक्षिण फ्रान्समध्ये तूलाँ येथे एका चित्रकाराच्या घरी त्याने अमेरिकन नीग्रो वादक लुई आर्मस्ट्राँग याच्या तबकड्या ऐकल्या, आणि जाझ संगीताने त्याचे मन कायमचे जिंकले. १९३४ साली पॅरिसमध्ये स्तेफान ग्रापेली या व्हायोलिनवादकाशी त्याची जोडी जमली, व एक व्हायोलिन, तीन गिटारे आणि एक डबल बास असा पाच जणांचा मेळ उभा राहिला. ना ढोल, ना तुतारी, सारी तंतुवाद्ये. जाझच्या इतिहासात असा प्रकार पूर्वी नव्हता. (याच ग्रापेलीने १९८४ साली आपल्याकडील व्हायोलिनवादक एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केले.) त्या सुमारासच, १९३५ साली, लिऑन ॲबीचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, आणि आपल्या गोमंतकीय ख्रिस्ती वादकांना या संगीताची गोडी लागण्यास आरंभ झाला.

आता वाद्याकडे वळू. जँगोचे गिटार पॅरिसच्या सेल्मर कारखान्याचे होते. मारिओ माकाफेर्री या इटालियन कारागिराच्या आराखड्यावरून ते १९३२ पासून तयार होऊ लागले. पोलादी तारा, लांब पट्टी, हलके वरचे फळे आणि नुसत्या तारांच्या दाबाने जागेवर राहणारी सुटी घोडी, असा त्याचा घाट. त्याचा आवाज मधुर म्हणण्यापेक्षा धारदार म्हणावा. गजबजलेल्या नृत्यगृहात तो दूरवर पोचे. व्हायोलिनच्या सोबतीला एवढे पुरेसे होते. ढोल आले की मात्र गिटार बुडे. तिकडे अमेरिकेत बोशाँप व रिकनबॅकर यांनी १९३१–३२ च्या सुमारास चुंबकी पिकअपचे गिटार तयार केले होते. १९३९ पासून चार्ली ख्रिश्चन या तरुणाने विजेच्या गिटारवर सर्वांस थक्क केले. तो १९४२ साली क्षयाने पंचविसाव्या वर्षीच वारला.

१९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले तेव्हा हा मेळ लंडनमध्ये होता. ग्रापेली तेथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट आले, ढोल आले. जर्मन अंमलाखालील त्या शहरात त्याची कीर्ती शिगेस पोचली, आणि त्याच काळात नाझी राज्यकर्ते त्याच्या जातीच्या लक्षावधी लोकांस छावण्यांत घालून ठार करीत होते. १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडात पळून जाण्याचा प्रयत्न केला, पकडला गेला व सुटला. पुन्हा गेला, तर स्विस पहारेकऱ्यांनी सीमेवरून परत धाडला. आपल्या लोकांसाठी प्रभुभोजनाची एक उपासना संगीतबद्ध करण्याचे त्याने मनावर घेतले होते. स्वरलिपी येत नसल्यामुळे तो वाजवून वा गुणगुणून दाखवी व मित्र लिहून घेई. ते काम अपुरे राहिले. मला या माणसाच्या साऱ्या गोष्टींत या एका गोष्टीची फार हळहळ वाटते.

युद्ध संपल्यावर १९४६ च्या हिवाळ्यात ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाबरोबर तो अमेरिकेत फिरला. आपले गिटार त्याने बरोबर नेले नव्हते. तेथील कारखानदार आपणहून वाद्ये पुढे करतील अशी त्याची समजूत होती. तसे झाले नाही. परक्या विजेच्या गिटारवर त्यास वाजवावे लागले, आणि न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये दुसऱ्या रात्री तो इतक्या उशिरा पोचला, की श्रोत्यांचा विरस झाला. वक्तशीरपणा हा गुण त्याच्या ठायी कधीच नव्हता. १९४७ च्या आरंभी तो परतला तो तेथील वाद्यांविषयी नापसंती घेऊनच. विजेचा आवाज मात्र त्याच्या मनातून गेला नाही.

येथे त्याची निवड पाहण्यासारखी आहे. नवे विजेचे गिटार घेणे त्याला अशक्य नव्हते. त्याने जुने सेल्मरच ठेवले व पॅरिसमधील स्तिमेर नावाचा चुंबकी पिकअप त्याच्या भोकाशी लावला. घोडी सुटी असल्यामुळे तिच्याखाली काही घालण्याचा प्रश्नच नव्हता. तारा पोलादी असल्यामुळे चुंबक उत्तम काम देई. पोकळ पेटीचा एक त्रास असतो: ध्वनिवर्धकाचा आवाज पेटीस हलवितो, पेटी तारांस, आणि आमच्या नाताळात झाली तशी शीळ सुरू होते. त्यामुळे उभे कोठे राहावे, आवाज किती उघडावा, हे वादकाला नव्याने शिकावे लागते. जँगोलाही वेळ लागला. पहिल्या काही ध्वनिमुद्रणांत आवाज कर्कश व फाटका वाटतो, आणि त्याच्या जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना वाटले की लाकडाचा जिवंत स्वर गमावून याने गोंगाट पत्करला. त्यांची तक्रार अगदीच पोकळ नव्हती. परंतु मार्च १९५३ मध्ये त्याने मुद्रित केलेल्या आठ चिजा ज्याने ऐकल्या त्याने हा वाद पुन्हा काढू नये. न्वाज ही आपली १९४० सालची प्रसिद्ध रचना त्याने त्यांत पुन्हा वाजविली आहे. तार एकदा छेडावी आणि स्वर लांबत राहावा, ही गोष्ट साध्या गिटारला साधत नाही. येथे तो लांबलेल्या स्वरावर गवयासारखा थांबतो, आणि दोन बोटांच्या मनुष्याला घाई करण्याचे काही कारण उरत नाही.

१९५१ पासून तो सीन नदीकाठच्या सामोआ या लहान गावी राहू लागला होता. मासे धरावे, चित्रे काढावी, मनास येईल तेव्हा पॅरिसला जाऊन तरुण वादकांत बसावे, असा क्रम होता. १६ मे १९५३ रोजी तो पॅरिसहून परतला, आव्हाँ स्टेशनापासून घराकडे चालत आला, आणि गावात पोचल्यावर मेंदूत रक्तस्राव होऊन कोसळला. शनिवार असल्याने डॉक्टर मिळण्यास फार वेळ गेला. फाँतेनब्लो येथील रुग्णालयात त्याचा अंत झाला, वय त्रेचाळीस. १९६८ साली त्या गावी त्याच्या स्मरणार्थ संगीतोत्सव झाला, व पुढे तो वार्षिक झाला. १९४० साली घडविलेले त्याचे ५०३ क्रमांकाचे सेल्मर गिटार त्याची पत्नी नागीन हिने १९६४ मध्ये पॅरिसच्या संगीत विद्यालयाच्या संग्रहालयास दिले, आणि ते आता त्याच शहरातील संगीत संग्रहालयात ठेवलेले आहे.