शिक्षकांचे आश्रयदाते : संत जॉन बाप्टिस्ट डी ला साल



गोरगरिबांच्या मुलांना शिकवले पाहिजे, हे आज सर्वांनाच पटते. पण त्यांना शिकवणाऱ्याने खायचे काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. ज्यांचा सण ७ एप्रिलला येतो, त्या संत जॉन बाप्टिस्ट डी ला साल यांना हाच प्रश्न एकदा तोंडावर विचारण्यात आला आणि त्यांचे सारे आयुष्य बदलून गेले.

३० एप्रिल १६५१ रोजी फ्रान्समधील रॅन्स शहरात एका श्रीमंत घराण्यात त्यांचा जन्म झाला. १६६७ साली, मिसरूडही फुटले नव्हते तेव्हा, ते तेथील कॅथेड्रलचे कॅनन झाले. कॅनन म्हणजे मोठा मान आणि त्यासोबत कायमचे उत्पन्न. पुढे ते पॅरिसच्या सेमिनरीत गेले. पण वर्षभराच्या अंतराने आईवडील दोघेही वारले आणि थोरला मुलगा म्हणून भावंडांसाठी त्यांना घरी परतावे लागले. १६७८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

१६७९ साली आद्रियाँ नीएल नावाचे गृहस्थ गरीब मुलांसाठी फुकट शाळा काढायला रॅन्समध्ये आले. डी ला साल यांनी त्यांना मदत केली, एवढेच. शाळा निघाल्या, पण शिक्षक टिकेनात. स्वतःच जेमतेम शिकलेली, ना धड पगार ना धड वळण, अशी ती माणसे. आपल्या घरच्या नोकरापेक्षाही आपण त्यांना खालचे समजत होतो, हे डी ला साल यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. तरी १६८१ साली त्यांनी या शिक्षकांना आपल्या घरी राहायला आणले. नातेवाईक खवळले आणि धाकट्या भावांना त्यांच्याजवळून घेऊन गेले.

शिक्षकांना म्हातारपणाची चिंता होती. डी ला साल त्यांना आकाशातील पाखरांचा दाखला देऊन देवावर भरवसा ठेवायला सांगत. एके दिवशी शिक्षकांनी उलट सुनावले : तुमच्याकडे वाडवडिलांची इस्टेट आहे, कॅननचे उत्पन्न आहे, शाळा बुडाल्या तर तुम्ही तरून जाल, आम्ही मात्र रस्त्यावर येऊ. आम्हा प्रवचनकारांना असे तोंडावर सांगणारे कोणी भेटत नाही, हे आमचे दुर्दैव!

त्यांनी वाद घातला नाही. १६८३ साली कॅननपद सोडले. ते भावाला मिळावे असा घरच्यांचा आग्रह होता, पण ते गेले एका गरीब धर्मगुरूला. त्यानंतर आलेल्या दुष्काळात आपली संपत्ती त्यांनी भाकरीच्या रूपाने भुकेल्यांना वाटून टाकली. आता ते आणि शिक्षक एकाच पंक्तीला बसले. या शिक्षकांचा पुढे ब्रदर्सचा संघ झाला. त्यात कोणी धर्मगुरू होणार नाही, शिकवणे हेच त्यांचे पाचारण, असे ठरले.

शाळेतही त्यांनी जुनी रीत मोडली. तोवर मुले आधी लॅटिन वाचायला शिकत. यांनी आधी फ्रेंच, म्हणजे मुलांची मायबोली शिकवली. चार दिवसांनी कामाला जाणाऱ्या सुताराच्या पोराला लॅटिन काय कामाचे? (तत्त्वज्ञ देकार्तनेही १६३७ साली आपला गाजलेला ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिला होता, पण तो शिकलेल्यांसाठी होता.) आपल्याकडे इंग्रजी माध्यमासाठी रांगा लावणाऱ्या पालकांनी यावर जरूर विचार करावा. एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवण्याऐवजी सारा वर्ग एकत्र शिकवण्याची पद्धतही त्यांनी रुजवली.

पॅरिसमध्ये फी घेऊन शिकवणाऱ्या लेखनगुरूंचा धंदा बसू लागला. त्यांनी शाळांवर खटले भरले आणि ते जिंकले. कोर्टकज्जे आणि आपल्याच माणसांची नाराजी यांनी थकून डी ला साल दक्षिणेत निघून गेले. आपल्यामुळेच संघाचे नुकसान होते आहे, असे त्यांना वाटू लागले होते. १ एप्रिल १७१४ रोजी पॅरिसच्या ब्रदर्सनी त्यांना पत्र पाठवले. त्यात विनंती नव्हती, आज्ञा होती : तुम्ही संघाच्या आज्ञापालनाचे व्रत घेतले आहे, तेव्हा परत या. ज्यांना पूर्वी ते नोकरापेक्षा खालचे मानत, त्याच वर्गातील माणसांचा हा हुकूम मानून ते परतले.

अखेरही सुखाची नव्हती. रूआँ येथे स्थानिक धर्मगुरूशी झालेल्या वादातून, मृत्यूच्या तोंडावर, त्यांचे धर्मगुरू म्हणून असलेले अधिकार काढून घेण्यात आले. ७ एप्रिल १७१९ रोजी, गुड फ्रायडेच्या पहाटे, त्यांनी देह ठेवला. पोप तेरावे लिओ यांनी १९०० साली त्यांना संत घोषित केले आणि १९५० साली पोप बारावे पायस यांनी त्यांना सर्व शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले.