तुकोबारायांचे दुकान

श्रीतुकोबारायांचे वैराग्य आम्ही कीर्तनातून पुष्कळ सांगतो, पण त्यांच्या दुकानाविषयी फारसे कोणी बोलत नाही. बोललेच तर श्रोत्यांना हसवण्यापुरते. भोळा वाणी, मिरच्या लोकांनी लुटून नेल्या, झाले! भाविक वाचकहो, वस्तुतः महाराज व्यवहारात कच्चे नव्हते. देहूस १६०८ साली त्यांचा जन्म झाला, त्या घरी महाजनकी होती, वाणसौद्याचा उदीम होता, सावकारीही होती. थोरले बंधू सावजी विरक्त, म्हणून बोल्होबांनी तेराव्या वर्षीच तुकोबांच्या हाती तराजू दिला. आईबाप होते तोवर संसार नेटका चालला.

सतराव्या वर्षी मातापितर गेले, भावजय गेली, सावजी तीर्थाटनाला निघून गेले. पुढे १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. गुरे मेली, दिवाळे निघाले. पहिली पत्नी रखमाबाई अन्न अन्न करीत गेली, पोर संतूही गेला. इथे कीर्तनकार घाईने पुढे सरकतात. आम्ही म्हणतो, जरा थांबा. दुष्काळात जोंधळा तोच असतो. पण ज्याच्या कणगीत चार दिवसांची बेगमी आहे तो घासाघीस करतो, आणि ज्याचं पोर भुकेनं रडतंय त्याला वाणी म्हणेल तो भाव. महाराज आधी तराजूमागे बसले होते. आता त्याच्या पुढे उभे राहिले. पुढे वडिलार्जित खतपत्रांची वाटणी झाली. अर्धी धाकट्या कान्होबांना दिली, आपली अर्धी इंद्रायणीत सोडली. नडलेल्याच्या गरजेवर भाव लावायचा नाही, हे त्यांनी तिथं ठरवलं असं आम्हांस वाटतं.

मिरच्यांचा प्रसंग महीपतींनी सांगितला आहे. महाराज मिरच्या घेऊन कोकणात गेले, झाडाखाली बसले, आणि माप गिऱ्हाइकाच्याच हाती दिलं. लोकांनी भरभरून नेलं, पैसे टाकले कमी.

आमच्या जंगलपट्टीत, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यात, ज्यातून १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला, तिथे ही कथा सांगताना माणसं हसत नाहीत. बायाबापड्या गप्प होतात. कारण इकडच्या आठवडी बाजाराची उलटी रीत जुन्या माणसांनी भोगलेली आहे. माडिया-गोंड माणूस रानातून महागडी चारोळी वेचून आणी, आणि व्यापारी वजनास वजन मीठ देई. तेच मीठ चांदा शहरातल्या माणसाला चार पैशांत मिळे! मीठ एक, भाव दोन. गिऱ्हाईक कुठून आलंय, त्याला बाजारभाव ठाऊक आहे की नाही, एवढं पाहून भाव ठरे. याज्ञवल्क्यस्मृतीत खोट्या तराजूला दंड आहे. पण तराजू खरा आणि भाव खोटा असेल तर त्याला पकडणार कसे?

कोणी विचारील, दोन भाव नेहमीच पाप का? तसे नाही. दुकानदार विधवेला स्वस्त देतो आणि सावकाराकडून पुरते घेतो, त्याला आम्ही दोष देणार नाही. पाहायचं एवढंच, की पारडं कोणाकडे झुकतं. (गाव पाहून बिदागी ठरवणारे कीर्तनकारही आहेत. त्यांनी मिठाच्या व्यापाऱ्याकडे बोट दाखवताना जपावे!)

आता काळ थोडा पालटला आहे. धानोऱ्याजवळच्या मेंढा गावाला २००९ साली आपल्या वनाचा हक्क मिळाला, आणि २०११ पासून गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागला. पुष्कळ ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. भाव विचारायला गिऱ्हाईकच दारी येते.

महाराज १६५० साली वैकुंठास गेले. कोकणातला उरलेला पैसा त्यांच्यासाठी पांडुरंगानेच घरोघरी जाऊन वसूल केला, असे महीपती सांगतात. ही कथा संपली की एखादी म्हातारी आम्हांस हटकून विचारते, महाराज, तो वसुलीवाला आमच्या चारोळीसाठी कवा येते?