लाउपहाइमचे कार्ल लेमली

मुंबईच्या थिएटरांत इंग्रजी चित्रपट सुरू होण्यापूर्वी पडद्यावर फिरणारा पृथ्वीचा गोल आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिला असेल. तो गोल युनिव्हर्सल कंपनीचा. ही कंपनी उभी करणारे कार्ल लेमली हे यहुदी गृहस्थ होते. त्यांची हकीकत आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

त्यांचा जन्म 17 जानेवारी 1867 रोजी जर्मनीतील लाउपहाइम या लहान गावी झाला. वयाच्या सतराव्या वर्षी ते अमेरिकेस गेले. मिळेल ती नोकरी करीत शेवटी ऑश्कॉश गावी कपड्यांच्या दुकानाचे व्यवस्थापक झाले. 1906 साली, चाळिशी जवळ आली असता, ही नोकरी सोडून त्यांनी शिकागोत छोटे चित्रपटगृह काढले आणि लवकरच इतर चित्रपटगृहांना भाड्याने फिल्म पुरविण्याचा धंदा सुरू केला.

1908 साली एडिसन व इतर कारखानदारांनी आपली पेटंटे एकत्र करून या धंद्यात मक्तेदारी उभारली. प्रत्येक चित्रपटगृहाने त्यांना आठवड्यास 2 डॉलर द्यावेत असा दंडक होता. 1909 साली लेमली यांनी हा जाच झुगारला. आता फिल्म कोण देणार? म्हणून त्यांनी त्या स्वतःच काढावयास घेतल्या. त्यांच्यावर शेकडो दावे झाले, पण ते हटले नाहीत. 1912 साली इतर स्वतंत्र निर्मात्यांसह त्यांनी युनिव्हर्सल स्थापन केली. 1915 साली न्यायालयाने ती मक्तेदारी बेकायदा ठरविली.

एवढे वैभव मिळूनही ते लाउपहाइम विसरले नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी गावास सढळ हाताने मदत केली. पण 1930 साली त्यांच्या कंपनीचा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा युद्धविरोधी चित्रपट बर्लिनमध्ये लागताच नाझींनी थिएटरात दंगा केला व त्यावर बंदी आली.

1936 साली कर्जापायी युनिव्हर्सल त्यांच्या हातून गेली. परंतु आमच्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम या काळातले आहे. अमेरिकेत प्रवेश मिळण्यास तेथील कोणी तरी निर्वाहाची हमी द्यावी लागे. लेमली यांनी जर्मनीतील यहुद्यांसाठी अशी हमीपत्रे एकामागून एक लिहून दिली. पुढे अधिकारी त्यांची हमी मानण्यास कांकू करू लागले, तेव्हा 71 वर्षांच्या या गृहस्थांनी 1938 साली परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना पत्र घातले आणि इतरांकडूनही सह्या मिळविल्या. त्यांच्यामुळे सुमारे 300 जण वाचले असे मानतात. त्यांत लाउपहाइमचे पुष्कळ होते.

24 सप्टेंबर 1939 रोजी, योम किप्पूरच्या दुसऱ्या दिवशी, ते वारले. युद्ध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते व अनेकांचे मार्ग बंद झाले होते.

परक्या देशात पाऊल ठेवताना आपल्यासाठी कोणी तरी शब्द टाकलेला असला तर त्याचे मोल काय, हे देशांतर केलेल्या आपणांस वेगळे सांगावयास नको.