निळ्या बाळांचा डॉक्टर : आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एकाच आयुष्यात दोन अवघड वाटा मोकळ्या केल्या

माढ्यातलं एखादं बाळ रडताना निळं पडायला लागलं, की घरचे त्याला घेऊन सोलापूर, पुणे नाहीतर मुंबई गाठतात. तिथे कधीकधी 'बीटी शंट' हा शब्द कानावर पडतो. त्यातला 'बी' म्हणजे आल्फ्रेड ब्लॅलॉक.

जन्म 5 एप्रिल 1899, अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य. 1922 मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून ते डॉक्टर झाले, पण सर्जरीचं पुढचं शिक्षण तिथे पूर्ण करायला मिळालं नाही. मग त्यांनी नॅशव्हिल गाठलं. 1930 मध्ये तिथल्या लॅबमध्ये व्हिव्हियन थॉमस हा कृष्णवर्णीय तरुण कामाला आला. काम संशोधकाचं, पगार मात्र सफाई कामगाराचा.

1936 साली ब्लॅलॉक यांच्यासमोर एक तरुण पेशंट होती. आजार मायस्थेनिया ग्रेव्हिस. यात नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. पापण्या मिटतात, घास चावताना दम लागतो. अशा पेशंटला भूल देणं म्हणजे मोठी जोखीम, कारण श्वासाचे स्नायू आधीच थकलेले. आजार थोडा ओसरल्यावर ब्लॅलॉक यांनी छातीतल्या थायमस ग्रंथीची गाठ काढली आणि ती मुलगी सुधारली. या आजारात थायमस काढण्याची वाट तिथून रुळली.

1941 मध्ये ते हॉपकिन्सला परतले, थॉमसही सोबत होते. निळ्या बाळांच्या फुप्फुसाला जास्त रक्त मिळायला हवं, असं डॉ. हेलन टॉसिग यांचं म्हणणं होतं. थॉमस यांनी कुत्र्यांवर ऑपरेशन जमवलं. 29 नोव्हेंबर 1944 ला 15 महिन्यांची मुलगी टेबलावर आली. ती वाचणार नाही म्हणून वरिष्ठ भूलतज्ज्ञाने नकार दिला. तरुण मेरेल हार्मेल यांनी इथर दिलं. थॉमस मागे स्टुलावर उभे राहून सांगत होते. मुलगी टेबलावरून जिवंत उतरली. काही महिन्यांनी ती गेली, पण पुढे हजारो बाळं जगली.

ब्लॅलॉक 1964 मध्ये गेले. थॉमस यांना मानद डॉक्टरेट मिळायला 1976 उजाडलं.

आज हृदय आणि स्नायू दोन्ही आजारी असलेल्या पेशंटचं ऑपरेशन होतं. भूलतज्ज्ञ स्नायू सैल करणारं औषध मोजून देतात, काही औषधं टाळतात आणि श्वासाला बळ येईपर्यंत व्हेंटिलेटर काढत नाहीत. म्हणूनच घरात कुणाला स्नायूंचा आजार असेल, कुणाच्या पापण्या संध्याकाळी जड होत असतील, तर ते ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना नक्की सांगा.