हार्वी मशमन नावाचा स्पर्धक

एल्सिनोर म्हटले की आगरकरांच्या काळापासून मराठीला ओळखीचा असलेला हॅम्लेट आठवावा. मला मात्र त्या नावाबरोबर धूळ आठवते. कॅलिफोर्नियात, लॉस एंजलिसपासून शंभरेक किलोमीटरवर, लेक एल्सिनोर नावाचे गाव आहे. हॅम्लेटच्या गावावरूनच त्याचे बारसे झालेले. १९६८पासून तिथे मोटारसायकलींची एक शर्यत भरू लागली. गावातल्या डांबरी रस्त्यावरून सुसाट सुटायचे आणि घरे संपली की टेकड्यांत, चिखलात, फुफाट्यात शिरायचे. स्पर्धक शेकड्यांनी. त्यांत पैशासाठी पळणारे पटाईत असत, गॅरेजवाले असत, कालच परवाना मिळालेली पोरे असत. १९७०च्या सुमारास या गर्दीत एक नाव दिसे: हार्वी मशमन. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, उरलेल्या चेहऱ्यावर मातीचे पुटे. ओळखणार कोण? पण ज्यांना ठाऊक होते त्यांना ठाऊक होते. हार्वी मशमन म्हणजे स्टीव्ह मॅक्वीन. हॉलिवूडमध्ये सर्वाधिक मानधन घेणाऱ्या नटांपैकी एक.

पैसा, प्रसिद्धी, बंगला, सगळे असताना या माणसाला खोट्या नावाने धुळीत उतरावेसे का वाटत होते, हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे आहे. माझी त्याची ओळख झाली ती सगळ्यांची होते तशीच, 'द ग्रेट एस्केप'मधून. अलका टॉकीजमधून बाहेर पडताना आम्हा मित्रांच्या डोळ्यांपुढे एकच दृश्य होते: जर्मन सैन्य मागे लागलेले आणि मॅक्वीनची मोटारसायकल काटेरी तारांच्या कुंपणावरून उडते आहे. त्यानंतर कित्येक दिवस आमच्यातला एक राजदूतवाला मातीचा ढिगारा दिसला की गाडी त्यावर घालत असे. राजदूतने ते कसे सोसले हे तिलाच माहीत. ती उडी मॅक्वीनने मारलीच नव्हती, हे पुष्कळ उशिरा कळले. पण त्याकडे नंतर येऊ.

मॅक्वीनचा जन्म २४ मार्च १९३०चा, इंडियानापोलिसजवळच्या बीच ग्रोव्हचा. बाप गावोगाव विमानाच्या कसरती करून दाखवणारा वैमानिक. मूल सहा महिन्यांचे व्हायच्या आत तो निघून गेला तो गेलाच. आई तरुण आणि दारूच्या आहारी गेलेली. पोराला मिसुरीतल्या स्लेटर गावी आजीआजोबांकडे आणि आजीच्या भावाच्या, क्लॉडच्या, शेतावर टाकले. या क्लॉडमामाने चौथ्या वाढदिवसाला त्याला तांबडी तीनचाकी सायकल दिली. आपल्या शर्यतीच्या वेडाचे मूळ त्या सायकलीत आहे, असे मॅक्वीन पुढे मानत असे. मधूनमधून आई त्याला परत नेई, नव्या नवऱ्याच्या घरी. तिथे मार खायचा आणि रस्त्यावर भटकायचे, हा क्रम. कानाच्या दुखण्याने थोडे बहिरेपण आलेले, अक्षरे डोळ्यांपुढे उलटीपालटी होत. शाळेत त्याचा निकाल काय लागणार हे सांगायला नको. चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याची रवानगी कॅलिफोर्नियातल्या चिनोच्या 'बॉईज रिपब्लिक' या सुधारगृहात झाली. पुढे नट झाल्यावर करारात तो विजेरी दाढीची यंत्रे, जीन पँटी अशा वस्तू ढिगाने मागून घेई. निर्माते वैतागत. त्या वस्तू चिनोच्या मुलांकडे जात.

मग नौदलाची मरीन पलटण, १९४७ ते १९५०. तिथे बढती मिळायची आणि बेशिस्तीपायी जायची. एकदा शिक्षा म्हणून जहाजातल्या नळांवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टन खरवडून काढायचे काम त्याच्याकडे आले. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. पलटणीतून सुटल्यावर माजी सैनिकांच्या सवलतीतून न्यूयॉर्कच्या नाट्यशाळेत दाखल झाला आणि आठवडाअखेर लाँग आयलंड सिटीच्या मैदानावर मोटारसायकल पळवून खर्चाचे पैसे उभे करू लागला. आधी शर्यतीची कमाई आणि नंतर अभिनयाची, हा क्रम ध्यानात घेतला की पुढचे पुष्कळसे उलगडते. १९५८च्या एका दूरदर्शन मालिकेने तो घराघरांत पोचला, १९६०च्या 'द मॅग्निफिसंट सेव्हन'ने पडद्यावर स्थिरावला.

आता त्या धुळीविषयी थोडे. मोटोक्रॉस ही अमेरिकेची उपज नव्हे. १९२४च्या मार्चमध्ये इंग्लंडात सरे परगण्यातल्या कॅम्बरलीजवळ माळरानावर मोटारसायकलींची पहिली 'स्क्रॅम्बल' झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स-बेल्जियमकडे तिला मोटोक्रॉस हे नाव मिळाले. १९५२ला युरोपीय अजिंक्यपद आले, १९५७ला जागतिक. पहिला जगज्जेता स्वीडनचा बिल निल्सन. या व्यावसायिक स्पर्धकांचा थाट काय होता? एक व्हॅन, तिच्या पोटात गाडी, पाने, जादा टायर आणि बहुधा बायको. या रविवारी बेल्जियम, पुढच्या रविवारी चेकोस्लोव्हाकिया. मैदानावर उतरण्याचे जे ठरावीक पैसे मिळत त्यावर संसार. बेल्जियमचा जोएल रोबेर सहा वेळा जगज्जेता झाला. त्यातली पहिली तीन पदके चेझेड गाडीवरची. आपल्याकडे म्हैसूरला १९६१पासून बनू लागलेल्या जावाची ती चुलत बहीणच. व्यायामाशी या रोबेरचे फारसे सख्य नव्हते आणि सिगारेटशी होते, असे त्याच्याविषयी सांगतात. आजच्या प्रशिक्षकांना हे ऐकवू नये.

अमेरिकेत या दुनियेशी मॅक्वीनची गाठ घालून दिली बड एकिन्सने. एकिन्सचे लॉस एंजलिसला ट्रायम्फ मोटारसायकलींचे दुकान होते. पन्नाशीच्या दशकात युरोपात जाऊन मोटोक्रॉस पळालेल्या पहिल्या काही अमेरिकनांपैकी तो एक. मॅक्वीनने त्याच्याकडून गाडी घेतली, मग धडे घेतले, मग त्याला मित्र करून टाकले. १९६२ साली बव्हेरियात 'द ग्रेट एस्केप'चे चित्रीकरण सुरू झाले तेव्हा तो एकिन्सला घेऊन गेला. कुंपणावरची ती उडी एकिन्सची. इतक्या महागड्या नटाचे हाडबीड मोडले तर विम्याचे काय, म्हणून मॅक्वीनला ती मारू दिली नाही. गंमत अशी की त्याचा पाठलाग करणाऱ्या स्वारांना त्याच्या वेगाने गाडी हाकता येईना, म्हणून जर्मन गणवेश चढवून काही ठिकाणी मॅक्वीनच मॅक्वीनचा पाठलाग करतो. उडीचे श्रेय त्याने पुढे जाहीरपणे एकिन्सला दिले. पोस्टरवर नाव किती मोठे असावे यावरून भांडणारा हा माणूस, मोटारसायकलच्या बाबतीत दुसऱ्याचे एक पैशाचे श्रेय घेत नसे.

चित्रपटाच्या यशानंतर, १९६४च्या सप्टेंबरात, त्याने जे केले ते मला त्याच्या सगळ्या भूमिकांपेक्षा मोठे वाटते. पूर्व जर्मनीत एर्फुर्टला सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय शर्यत होती. रोज शेकडो किलोमीटर जंगलातून, दगडधोंड्यांतून, घड्याळाशी बांधलेले. गाडी बिघडली तर स्वतःच्या हाताने दुरुस्त करायची. अमेरिकेने पहिल्यांदाच अधिकृत संघ पाठवला: बड एकिन्स, त्याचा भाऊ डेव्ह, क्लिफ कोलमन, जॉन स्टीन आणि स्टीव्ह मॅक्वीन. बर्लिनची भिंत उभी राहून तीन वर्षे झाली होती, अमेरिकेचे त्या देशाशी राजनैतिक संबंधही नव्हते. उद्घाटनाच्या संचलनात अमेरिकेचा झेंडा मॅक्वीनच्या हातात होता. तिसऱ्या दिवशी वाटेत आडव्या आलेल्या एका मोटारसायकलीला चुकवण्याच्या नादात तो जबर आपटला आणि शर्यतीबाहेर गेला. त्याच दिवशी बड एकिन्सचा घोटा मोडला. डेव्ह आणि कोलमन यांनी सुवर्णपदके आणली. मॅक्वीनने आणल्या जखमा. चित्रपट सोडून स्वतःच्या कुवतीवर तो जागतिक मैदानात उतरला, आणि हरला, हे त्याला आयुष्यभर मिरवण्यासारखे वाटले.

तोवर अमेरिकनांच्या बुडाखाली ट्रायम्फसारखी पावणेदोनशे किलोंची धुडे होती. १९६६ला एडिसन डाय नावाच्या व्यापाऱ्याने स्वीडनची हस्कवर्ना आणि तिच्यावर बसणारा जगज्जेता टॉर्स्टन हॉलमन, दोघांनाही अमेरिकेत आणले. टू-स्ट्रोक इंजिनाची, शंभरेक किलोंची ती काटकुळी गाडी पाहून स्थानिक वीर हसले असणार. हॉलमन जिथे उतरला तिथे जिंकला, तेव्हा हसू मावळले. पुढच्या वर्षापासून डायने युरोपातल्या स्पर्धकांची फौजच अमेरिकाभर फिरवली. गावाबाहेरच्या माळावर दोर बांधायचा, तिकीट लावायचे, आणि शंकरपटाला जमते तशी माणसे कडेला उभी. या काळाची आठवण काढताना आजही तिथले म्हातारे हळवे होतात. जगज्जेता घसरून पडला तर त्याला उचलायला प्रेक्षकच धावत, इतके अंतर कमी होते. हॉलमनने त्याच दौऱ्यांतून स्वारांचे कपडे विकण्याचा धंदा काढला. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांचा 'थॉर' हा छाप अजून चालतो.

मॅक्वीनने लगोलग हस्कवर्ना घेतली. १६८९ साली स्वीडनच्या राजासाठी बंदुका बनवायला निघालेल्या कारखान्याचे हे नाव पुढे अनेक हातांतून फिरले. २०२०पासून चाकणच्या बजाज कारखान्यातून त्या नावाच्या मोटारसायकली बाहेर पडू लागल्या, हे मॅक्वीनला सांगितले असते तर तो चाकणला गाडी चालवून पाहायला आला असता, इतके मी खात्रीने म्हणतो. १९७०च्या वसंतात एल्सिनोरला त्याचा डावा पाय मोडला. दोनच आठवड्यांनी तो प्लास्टरसकट सेब्रिंगच्या बारा तासांच्या मोटारशर्यतीत पोर्शमध्ये बसला, आणि पीटर रेव्हसनच्या जोडीने दुसरा आला. पहिल्या आलेल्या फेरारीतला मारिओ आंद्रेत्ती जेमतेम वीस-बावीस सेकंद पुढे.

याच सुमारास ब्रूस ब्राऊन हा दिग्दर्शक त्याच्याकडे पैसे मागायला गेला. मोटारसायकलवाल्यांवर माहितीपट काढायचा होता. मॅक्वीन म्हणाला की मी चित्रपटांत काम करतो, त्यांना पैसे पुरवत नाही. तसे असेल तर तुला यात घेता येणार नाही, असे ब्राऊनने थट्टेने म्हटले. दुसऱ्या दिवशी मॅक्वीनचा फोन आला. त्याच्या कंपनीने सुमारे ३ लाख १३ हजार डॉलर घातले आणि १९७१ला 'ऑन एनी संडे' पडद्यावर आला. मॅक्वीनचा हा सर्वांत खरा चित्रपट. त्यात त्याला धड भूमिका नाही. माल्कम स्मिथ, मर्ट लॉविल हे खरे नायक, हा त्यांच्यामागून धूळ खात जाणारा तिसरा. अखेरीस तिघे समुद्राच्या वाळूत नुसते हुंदडतात. ती वाळू मरीन पलटणीच्या तळावरची. परवानगी मॅक्वीननेच मिळवली.

हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, पोरे सायकलींवर मोटोक्रॉस खेळू लागली, होंडाने १९७३ला आपल्या मोटोक्रॉसच्या गाडीला नावच 'एल्सिनोर' दिले. त्याआधी, जुलै १९७२मध्ये, लॉस एंजलिसच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये मातीचे ढीग ओतून रात्रीच्या दिव्यांखाली शर्यत झाली होती. जिंकला सोळा वर्षांचा मार्टी ट्राइप्स. सुपरक्रॉसचा जन्म तो. ही लाट मोठी होण्यात मॅक्वीनच्या पैशाचा आणि चेहऱ्याचा वाटा मोठा. पण ज्या खेळात चाळिशीतला नट खोटे नाव घेऊन व्यावसायिकांच्या रांगेत उभा राहू शकत होता, तो खेळ त्या लाटेखालीच गेला. कंपन्यांचे संघ आले, करार आले, सोळा-सतरा वर्षांची कसलेली पोरे आली. २०२४च्या जानेवारीत बालेवाडीच्या मैदानात भारतीय सुपरक्रॉस लीग सुरू झाली, तेव्हा मीही गेलो होतो. देखणा प्रकार. पोरे अशी उडत होती की मान दुखावी. गॅलरीतून खाली बघताना धूळ अंगावर येत नव्हती, एवढेच.

मॅक्वीनचे पुढचे आयुष्य उताराचे. 'ल माँ' या शर्यतीच्या चित्रपटापायी त्याने मित्र, पैसा आणि पहिला संसार गमावला. नवरा म्हणून तो चांगला नव्हता. संशयी, हात उचलणारा. पत्नी नीलने १९८६च्या आपल्या आठवणींत हे लपवलेले नाही आणि आपणही लपवू नये. १९७४च्या 'द टॉवरिंग इन्फर्नो'नंतर तो जवळजवळ पडद्याआडच गेला. दाढी वाढवली, पोट सुटू दिले. अखेर कॅलिफोर्नियातल्या सांता पॉला या छोट्या गावी धावपट्टीलगतचा एक हँगर घेतला आणि तिसरी पत्नी बार्बरासह काही काळ त्यातच मुक्काम ठोकला. सोबत जुन्या मोटारसायकली. इंडियन, हार्ले, ट्रायम्फ, शंभराहून अधिक. आणि एक पिवळे, दोन पंखांच्या जोड्यांचे स्टिअरमन विमान. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तो विमान उडवायला शिकला. बापाचा धंदा.

डिसेंबर १९७९मध्ये फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग निघाला. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होतो तो. जहाजातले ते नळ त्याला आठवले. शर्यतीच्या पोशाखांतही तेव्हा अ‍ॅस्बेस्टॉस असे. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हात टेकल्यावर मेक्सिकोतल्या अघोरी उपचारांच्या नादी लागला. ७ नोव्हेंबर १९८०ला सीमेपलीकडच्या हुआरेस शहरात शस्त्रक्रियेनंतर त्याचे हृदय थांबले. वय पन्नास. रक्षा पॅसिफिक महासागरात सोडली.

१९८४च्या नोव्हेंबरात लास व्हेगासला त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला. हँगरमधल्या गाड्या एकेक करून गेल्या. त्याच्या मालकीची एक हस्कवर्ना पुढे २०११च्या एका लिलावात लाखाहून अधिक डॉलरना विकली गेली.